चर्चा : रॅम्पच्या (विमानं उभी राहतात त्या जागेच्या) सेफ्टी ट्रेनिंगमुळे पुण्याच्या लोहगावची विमानं लेट होतात का?

टर्नअराउंड३० : होतात. आठ जणांच्या टीममधले दोघे रिफ्रेशर ट्रेनिंगला बसले की उरलेल्या सहा जणांनी ए-३२० विमान अर्ध्या तासात परत पाठवायचं. बेल्ट लोडरवर (बॅगा चढवायच्या-उतरवायच्या पट्ट्याच्या गाडीवर) माणूस नसतो, बॅगा रखडतात. त्यात रनवे हवाई दलाचा. आपली वेळ हुकली की पुढची लगेच मिळेलच असं नाही. ट्रेनिंगला ना नाही, पण ऐन दिवाळीच्या गर्दीत कशाला?

चॉक्स_ऑन : लेट झालेलं विमान निदान उडतं तरी. लोडर घासलेलं जागेवरच बसतं. इंजिनीअर ओरखडा मोजणार, मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का बघणार, आणि तोवर त्याच विमानाच्या पुढच्या फेऱ्याही लटकणार. मे २०२४ मध्ये इथंच दिल्लीला निघालेलं विमान टगला (विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला) धडकलं, प्रवासी उतरवावे लागले.

आणि घासतं का, तर बॅगा उतरल्या की विमान हलकं होऊन वर येतं. इंधन, सामान भरलं की खाली बसतं. लोडर चिकटवून ठेवलात तर दाराची चौकट खरवडणारच. बंपर टेकवायचा नाही, फट ठेवायची, मध्येमध्ये बघायचं. शिडीचंही तेच : विमान बसलं की उघडं दार प्लॅटफॉर्मवर टेकतं.

कोन_आणि_चॉक : दोघंही ‘ट्रेनिंग’ म्हणताय, पण होतं काय? कॉम्प्युटरवर वीस प्रश्न, उत्तरं आदल्या बॅचकडून. त्यानं हाताला काहीच कळत नाही. विमानाचा लाल दिवा, म्हणजे बीकन, विझेपर्यंत थांबायचं, विमानापाशी जाण्याआधी गाडीचा ब्रेक दाबून बघायचा, हे बेवरच (विमान उभं असतं तिथंच) घोटावं लागतं. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी विमान पेटलं, अनाउन्समेंट यंत्रणा बंद पडली, तरी क्रूनं मेगाफोनवर ओरडून, आठपैकी तीनच दारांतून ३७९ जण बाहेर काढले. ते क्विझनं येत नाही.

टर्नअराउंड३० : बेवर घ्या, मान्य. पण मग आणखी माणसं लागतील. रोस्टर कोण भरणार? शिवाय ‘लागलं’ म्हणून सांगणाऱ्यालाच मेमो देत असाल, तर शिकलेला माणूसही ओरखडा लपवणार.

चॉक्स_ऑन : मेमोचं शंभर टक्के पटलं. लपवलेला ओरखडा पुढच्या स्टेशनला सापडतो, तेव्हा दुप्पट महाग पडतो. दिवाळीचं म्हणाल तर ऑगस्टमध्ये घ्या, भर पावसात. ओल्या काँक्रीटवर टग कुठवर घसरतो तेही कळेल.