मदत हवी आहे: डी ड्राईव्ह मेला की काय? सगळ्या पत्रिकांच्या फायली त्यातच आहेत

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या (धंदा प्रूफं तपासायचा असला तरी). विट्यात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, फ्लेक्स, शाळांचे वार्षिक अंक असलं काम. विंडोज १० एसएसडीवर आहे तो चांगला चाललाय, पण कामाच्या सगळ्या फायली डी वर, ती १ टीबीची साधी हार्ड डिस्क, २०१६ ला घेतलेली.

पंधरा दिवस झाले एखादा फोल्डर उघडला की हिरवी पट्टी नुसती सरकत राहायची आणि मग नॉट रिस्पॉन्डिंग. मला वाटलं व्हायरस असेल. मग एक पत्रिका कॉपी करताना सायक्लिक रिडन्डन्सी चेक अशी एरर आली, तर कुठेतरी वाचून चेकडिस्क लावलं, ते रात्रभर ११ टक्क्यांवर अडकलं आणि पहाटे लाईट गेली. यूपीएसची बॅटरी गेल्या वर्षीच गेलीय, त्यावरून बोलू नका, घरात बोलून झालंय. आता डी वर क्लिक केलं की फॉरमॅट करा म्हणतंय. फॉरमॅट केलेलं नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं कॉशन दिसतंय. ०५ समोर २एफ०, सी५ समोर १ए८, सी७ समोर शून्य. हे काय आहे ते मला कळत नाही. आवाज अधूनमधून कर्र असा येतो.

गावातला रिपेअरवाला म्हणतो फॉरमॅट मारून सॉफ्टवेअरने काढू, भावजी म्हणतात फ्रीजरमध्ये ठेवा, आणि कोल्हापूरच्या एकाने डिस्क न बघता फोनवरच १८ हजार सांगितले. तुळशीचं लग्न झालंय, म्हणजे आमचा सीझन सुरू. काय करू?

कोपऱ्यातला
ताई, आधी मशीन बंद करा, डिस्कची वायर काढा, मग पुढचं वाचा.

ते आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) आहेत, क्रिस्टल तसेच दाखवतं. २एफ० म्हणजे ७५२ सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) खराब निघाले म्हणून डिस्कने राखीव जागेतले बदलून घेतलेत. १ए८ म्हणजे ४२४ सेक्टर असे की वाचताच येत नाहीयेत, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सी७ शून्य आहे म्हणजे केबलचा दोष दिसत नाही, डिस्कच चाललीय. आणि चेकडिस्क हे डिस्क वाचवायचं हत्यार नाही हो, ते फाईल सिस्टीम सरळ करायला जातं आणि त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहितं. आता परत लावू नका.

जुना पीसीवाला
सेम मॉडेलची डिस्क ओएलएक्सवर बघा, तिचं सर्किट काढून हिला लावा, १० मिनिटांचं काम. मी २००५ च्या आसपास केलंय.

कोपऱ्यातला
दादा तेव्हा चालायचं. आता बहुतेक डिस्कच्या सर्किटवर एक रॉम चिप असते, त्यात त्या एकाच डिस्कची सेटिंगं असतात, ती चिप काढून दुसरीकडे बसवावी लागते. आणि यांची डिस्क फिरतेय, ओळखली जातेय, मग सर्किटला हात कशाला? फ्रीजरही नको, बाहेर काढली की आत दव धरतं.

धागाकर्ती
रिपेअरवाल्याने लॅपटॉपवर फोटोरेक का काय ते फायली परत काढायचं सॉफ्टवेअर दाखवलं, म्हणतो फायली येतील.

मिंटवाला
येतील, पण नावं येणार नाहीत. फोटोरेक फोल्डर वगैरे बघत नाही, नुसती फाईलची सुरुवात ओळखून उचलतं आणि नंबर देतं. तुम्हाला हजारो सीडीआर (कोरलड्रॉच्या फायली) मिळतील, त्यातली कुठली कुणाची ते एकेक उघडून बघा.

धागाकर्ती
अरे देवा. आमच्याकडे सगळं नावावरच चालतं, आडनाव-गाव-तारीख. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो, सर्चलाही लागत नाही. नावं गेली तर फायली असून नसल्यासारख्या.

मिंटवाला
म्हणूनच आधी क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर. २ टीबीची नवीन डिस्क घ्या, जुनीपेक्षा लहान चालणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट पेनड्राईव्हवरून चालू करा, नक्कल काढायला डीडीरेस्क्यू टाका (पॅकेजच्या नावात पुढे जी आहे, जीडीडीरेस्क्यू). क्रम आधी जुनी डिस्क, मग नवीन, मग मॅपफाईल (कुठवर कॉपी झालं त्याची नोंद). हा क्रम उलटा झाला तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होईल, म्हणून दोन्हींचे साईझ आणि मॉडेल नंबर दहादा बघा. मॅपफाईल तिसऱ्याच पेनड्राईव्हवर ठेवा, लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून चालू होतं. पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून द्यायला सांगा, सोपं सगळं हाती आलं की मग त्या जागांवर परत. डी दिसण्याची दुरुस्ती क्लोनवर, टेस्टडिस्कने (हरवलेला ड्राईव्ह परत शोधणारं सॉफ्टवेअर).

कर्र चं टक-टक-टक असं ठराविक झालं तर मात्र तिथेच बंद करा, हेड (डिस्क वाचणारा आतला भाग) गेलं समजा. मग लॅबच, आणि तीही आधी तपासून मग आकडा सांगणारी.

धागाकर्ती (चार दिवसांनी)
पुतण्याला बसवून केलं. पहिली फेरी ९ तासांत ९९ टक्क्यांच्या वर गेली, उरलेल्यासाठी दोन दिवस घरघरत होतं, मी टेबल फॅन लावून बसले होते शेजारी. शेवटी २१० एमबी राहिलं, ते सोडलं. टेस्टडिस्कने क्लोनवरचा डी उघडला, फोल्डर नावासकट!! मिंटवाले दादा, कोपऱ्यातले दादा, पत्ता कळवा, चितळे पाठवते.

११ सीडीआर उघडत नाहीत. कोरल स्वतः बॅकअप करून ठेवतं त्या फायली शेजारीच होत्या, त्यातून ७ मिळाल्या. उरलेल्या चारमधली एक पत्रिका उद्या प्रेसला द्यायचीय. पार्टीला व्हॉट्सॅपवर पीडीएफ पाठवलेली आहे, ती छापायला चालेल का?

मिंटवाला
डॉक्युमेंट म्हणून पाठवली असेल तर जशीच्या तशी असते. फोटो असेल तर विसरा.

धागाकर्ती
डॉक्युमेंटच आहे, मॅटर कर्व्ह केलेलं (अक्षरांचे आकार केलेले, फॉन्ट लागत नाही). फक्त ती पहिल्या प्रूफची निघाली, त्यात मुलीच्या थोरल्या मामांचं नाव राहिलेलं, त्यावरून तेव्हा दुकानात चांगलीच वादावादी झालेली. कोरलमध्ये ओढून तेवढी एक ओळ घालते आणि पाठवते.