मुंबईच्या समुद्रातली बेटं, जोडीनं, एका दिवसात: आपापले अनुभव लिहा

अंदमान-मालदीवची बेटं बघायची हौस पुष्कळांना असते, पण रजा आणि पैसा यांची गाठ पडत नाही. तोवर आपल्या दारातली बेटं आहेत. नवराबायकोनं एक दिवस काढून कुठं गेलात, काय बघितलंत, लाँच आणि भरतीचं कसं जमवलंत, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमची घारापुरी. गेटवेहून सकाळची पहिली लाँच धरावी, तासाभरात धक्का येतो. वरच्या डेकचे थोडे जास्त पैसे पडतात, ते जरूर द्या. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पुढे शंभरावर पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात.

बहुतेक जण त्रिमूर्तीपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. ती वीसेक फुटांची मूर्ती भव्यच आहे, पण जोडीनं आलेल्यांनी कल्याणसुंदर शिल्पापुढे निवांत उभं राहावं. शिवपार्वतीचं लग्न आहे ते. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला आहे, कारण लग्न लागेपर्यंत वधूची जागा उजवीकडे. तिची मान किंचित झुकलेली. खालचा भाग पार तुटलाय, तरी तिचा संकोच दगडात शाबूत आहे. आणि बरोब्बर समोरच्या भिंतीवर अंधकासुराचा वध करणारा तोच शिव, रौद्र! दोन्हीकडे आळीपाळीनं बघत आम्ही किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक.

नंतर गावात गेलो. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालून केबल आली, तेव्हा कुठे या बेटावर कायमची वीज पोचली. समोर मुंबई झगमगत असताना इथली माणसं जनरेटरच्या भरवशावर राहत होती, हे ऐकून नवरा गप्पच झाला. जेवण गावातच घ्या. परतीची शेवटची लाँच किती वाजता, ते उतरतानाच विचारा. माझं मत स्पष्ट आहे: एका दिवसात एकच बेट.

थळचा जावई
एकाच बेटाला माझंही अनुमोदन. बायको अलिबागजवळच्या थळची, त्यामुळे मेव्हण्याच्या होडीतून खांदेरीला गेलो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी दोघंही आडवे आले, तरी मावळ्यांनी बेट सोडलं नाही. मग शेजारची उंदेरी सिद्दीनं बळकावली. दोन्ही बेटं होडीतून एकदम दिसतात, तेव्हा ती चुरस नकाशाशिवाय कळते. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांचं मोठं श्रद्धास्थान. बायको आधी तिथं गेली, मग किल्ला. एका खडकावर दगड आपटला की भांड्यासारखा आवाज येतो, तोही ऐका. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, म्हणून आता गर्दी वाढेल. कृपा करून प्लॅस्टिक परत आणा.

गिरगावकरीण
आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला केला, ओहोटीत चालत. आजेसासूबाईंनी शिकवलेलं गणित देते: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा, ती भरतीची वेळ. तृतीयेला नऊ भागिले चार, म्हणजे सव्वादोन. त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी नीट उतरत नाही, तेव्हा चालत जाण्याचा बेत नको. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचाराच. आत गोड्या पाण्याची विहीर आणि आंग्र्यांचं गणपतीचं देऊळ, फार प्रसन्न जागा.

निवृत्त, परळ
धागाकर्तीशी थोडा मतभेद. आम्ही दोघं एका दिवसात सात बेटं फिरलो, बेस्टनं! कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. समुद्र बुजवून जोडलेली ही बेटं. वरळीची खाडी 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधानं बंद झाली, माहीमचा कॉजवे 1845 चा. सौभाग्यवतीचे गुडघे दुखतात, म्हणून डबल डेकरच्या वरच्या मजल्याचा हट्ट सोडून खालीच बसलो. वरळी कोळीवाड्यात किल्ल्याजवळ पोचल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं परळात राहिलो, पण आपण बेटावर राहतो हे आज पटलं." मला तो दिवस कुठल्याही सहलीहून मोठा वाटतो.

नवीन लग्न, ठाणे
सगळं वाचून हुरूप आला. जुलैमध्ये जमेल का? रजा तेव्हाच आहे.

थळचा जावई
खांदेरी अजिबात नाही, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. गेटवे-मांडवा लाँचही तेव्हा बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, मात्र हवा ठीक असेल तर चालते. तिनं मांडव्याला उतरा, तिथून रस्त्यानं अलिबागला जा, किनाऱ्यावरूनच कुलाबा बघा. खांदेरीसाठी डिसेंबरात कळवा, मेव्हण्याला सांगून ठेवतो.