मंजुरी नक्की कशाला, रसायनाला की बाटलीला?

रोपटं: दोन दिवस युरोपियन युनियनचा कीडनाशकांच्या मंजुरीचा 1107/2009 हा नियम वाचतेय, डोकं गरगरायला लागलंय. एक बुरशीनाशक घटक यादीत 'मंजूर' दिसतो, पण त्याचं तयार औषध एका देशात चालतं, शेजारच्या देशात नाही. मंजूर म्हणजे मंजूर ना? आणि पुढे ही मुदत कसली?

जुना केमिस्ट: ताई, दारं दोन आहेत. मूळ सक्रिय घटकाला, म्हणजे कीड-बुरशी मारणाऱ्या रसायनाला, युरोपियन कमिशन मंजुरी देतं. बाटलीला, म्हणजे तयार औषधाला, परवाना प्रत्येक देश आपापला देतो, कारण बाटलीत नुसता घटक नसतो. द्रावक असतो, पानावर पसरवणारं द्रव्य असतं. माझी निम्मी नोकरी यातच गेली: घटक तोच, द्रावक बदलला की कातडीतून शोषण बदलतं, मग फवारणाऱ्याच्या हातमोज्यांपासून सगळा हिशेब पुन्हा!

मुदत म्हणाल तर पहिली मंजुरी जास्तीत जास्त 10 वर्षं, नूतनीकरण 15 पर्यंत. ग्लायफोसेट या तणनाशकाला 2023 मध्ये नूतनीकरणात 10च मिळाली.

कुंपणावरचा: परस्पर मान्यतेची सोय आहे की. एका देशाचा परवाना दाखवून दुसरीकडे अर्ज करता येतो. कागदावर सोपं, हं.

रोपटं: आणि 2020 मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक यादीतून गेलं ते?

जुना केमिस्ट: नूतनीकरणच नाकारलं. जनुकांना इजा होण्याची शंका फिटेना, म्हणून सुरक्षित पातळीच ठरवता आली नाही. पातळी नाही तर माणसाच्या अंगात जाणाऱ्या प्रमाणाची तुलना कशाशी करणार?