मदत हवी आहे: 'यॉ' म्हणजे बोटीची नाळ (पुढचं टोक) फिरणं की वाहवत जाणं?

नमस्कार मंडळी,

वरळी कोळीवाड्यातल्या काही मुलांचा मी संध्याकाळी अभ्यास घेते. जी. पी. रेटिंगच्या (जहाजावरच्या खलाशी प्रशिक्षणाच्या) प्रवेशपरीक्षेची तयारी चालू आहे. गणित आणि भौतिकशास्त्र माझा विषय आहे, पण जहाजावर मी कधी काम केलेलं नाही, म्हणून जाणकारांना विचारतेय.

अडलंय 'यॉ'पाशी. शब्दकोशात अर्थ दिलाय, 'जहाज किंवा विमान मार्गावरून ढळणे'. मुलांच्या पुस्तकातल्या आकृतीत मात्र जहाजाच्या मधोमध उभा अक्ष काढलाय आणि त्याच्याभोवती गोल बाण. म्हणजे नाळ डावी-उजवीकडे फिरते, बस्स. कुशीवर कलंडणं म्हणजे रोल, नाळ वर-खाली होणं म्हणजे पिच, हे मुलांना सांगावंही लागलं नाही, अंगवळणी पडलेलं आहे त्यांच्या.

एकाने विचारलं, "ताई, भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जाताना ओहोटीचं पाणी लाँचला दक्षिणेकडे ओढतं. नाळ मोऱ्याकडेच असते, तरी लाँच भलतीकडे जाते. हा यॉ का?" दुसरा म्हणाला, वडिलांच्या बोटीवर मागून लाट आली की बोटीचं मागचं अंग एका बाजूला फेकलं जातं आणि तेवढ्यात सुकाणू हाताला हलकं लागतं, यॉ म्हणजे ते. मला दुसऱ्याचं पटतंय. पण शब्दकोशाच्या हिशेबाने पहिल्याची लाँचही मार्गावरून ढळलेलीच आहे ना?

तिसरी शंका माझीच. पावसाळ्यात मुंबई विमानतळाजवळच्या जरीमरीवरून उतरणाऱ्या विमानाचं नाक धावपट्टीच्या रेषेत नसतं, थोडं डावीकडे असतं. तो यॉ का?

एका ओळीची व्याख्या नको. बोटीवर उभं राहून ओळखता येईल अशी काही खूण असेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, दुसरा मुलगा अगदी बरोबर बोलला. मी मालवाहू जहाजांवर डेक अधिकारी होतो.

यॉ म्हणजे नाळ फिरणं. मार्ग सुटणं हा त्याचा परिणाम. पहिल्या मुलाची लाँच फिरत नाहीये, ती अख्खीच्या अख्खी बाजूला वाहतेय. पाणी ज्या दिशेला नेतं तिला सेट म्हणतात आणि किती वेगाने नेतं त्याला ड्रिफ्ट. वाऱ्याने बाजूला ढकललं तर तो लीवे.

खूण होकायंत्रात आहे. मोऱ्याकडे साधारण १२० अंशांवर निघालात आणि आकडा १२०, १२६, ११५ असा हलत राहिला, तर यॉ. आकडा १२० वर घट्ट आहे, पण मोऱ्याचा धक्का नाळेच्या डावीकडे सरकत चाललाय, तर ओहोटी तुम्हाला नेतेय. जीपीएस असेल तर आणखी सोपं: होकायंत्र १२० म्हणेल आणि जीपीएसवरचा खरा मार्ग १३० दिसेल. मोबाइलमध्ये दोन्ही दिसतं, पोरांना एकदा लाँचवर घेऊन जाच.

मागच्या लाटेतला यॉ सगळ्यात वाईट. लाट आणि बोट जवळपास एकाच वेगाने पळत असतात, त्यामुळे सुकाणूवरून पाणी नीट वाहत नाही आणि ते लागू पडत नाही. सुकाणू हलकं लागतं ते यामुळे. मग लाट मागचं अंग ढकलते, बोट लाटेला आडवी येते आणि पुढची लाट थेट कुशीवर. याला ब्रोचिंग म्हणतात, यात बोटी उलटतात. म्हणून चांगला तांडेल (बोट चालवणारा) नाळ पुरती फिरायची वाट बघत नाही, फिरायला लागली की लगेच उलट सुकाणू देतो. हे त्या मुलाने वडिलांकडूनच शिकावं, पुस्तकात तेवढं मिळणार नाही.

मोठ्या जहाजांचीही यातून सुटका नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' जोरदार वाऱ्यात एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे नाळ टाकत गेलं आणि शेवटी काठात घुसून आडवं अडकलं. कालवा ६ दिवस बंद होता.

प्रतिसाद २

विमानापुरतं मी सांगतो. जरीमरीवरून दिसतो तो यॉ नाही, त्याला क्रॅब म्हणतात. २७ क्रमांकाची धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणजे वैमानिकाच्या डाव्या हाताचा. नाक वाऱ्याकडे थोडं वळवून ठेवलं की विमान धावपट्टीच्या रेषेतच राहतं. गणित मुलांकडून करून घ्या: वेग १४० नॉट, आडवा वारा १५ नॉट, तर कोन सुमारे ६ अंश.

हा कोन स्थिर असतो. चाकं टेकायच्या जरा आधी वैमानिक पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो, ती हालचाल मात्र यॉ. जरीमरीच्या जरा पुढे उभं राहिलात तर ते डोळ्यांनी दिसेल.

नको असलेला यॉही असतो. विमान वळवण्यासाठी पंख कलवला की वर जाणाऱ्या पंखाला हवेचा अडथळा जास्त होतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. राईट बंधूंनी १९०२ च्या ग्लायडरला आधी स्थिर उभं शेपूट लावलं होतं. या त्रासामुळेच त्यांनी ते फिरतं केलं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. होकायंत्राची खूण कालच सांगितली, आता सगळे रविवारी मोऱ्याला जायचं म्हणतायत. मीही जाणार आहे.

एकच शंका राहिली. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत जहाजाच्या ऑटोपायलटवरच्या 'यॉ' किंवा 'वेदर' नियंत्रणाबद्दल विचारलंय. यॉ थांबवायचं बटण असतं का ते?

प्रतिसाद १

नाही, उलट आहे. खवळलेल्या समुद्रात नाळ थोडी हलणारच आणि बहुतेक वेळा आपणहून परतही येते. प्रत्येक अंशासाठी ऑटोपायलट सुकाणू मारत बसला तर यंत्रणा झिजते आणि इंधनही जास्त जातं. म्हणून किती अंशांपर्यंत यॉ होऊ द्यायचा ते या नियंत्रणाने ठरवतात. शांत समुद्रात कमी, खवळलेल्या समुद्रात जास्त. परीक्षेत हेच उत्तर लिहायला सांगा.