बेस घ्यायचाय : चार तारांचा की पाच?

नमस्कार मंडळी,

वाद्यवृंदातले बेसवाले (खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारे) काका खांद्यामुळे थांबताहेत हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न तालमीत निघाला तेव्हा जो तो छताकडे बघायला लागला. मी नेमकी काकांकडे बघत होते. तर आता बेस मी वाजवणार.

गिटार बरीच वर्षं वाजवते आहे, पण बेस हातात धरलाय तो काका फोनवर असताना, तेवढाच. म्हणून विचारते. चार तारांचा घ्यावा की पाच? घरी १५ वॉटचा गिटारचा अँप आहे, त्यावर भागेल का? आणि माझी बोटं आखूड आहेत, गिटारच्या पहिल्या घरातसुद्धा, म्हणजे खुंट्यांकडून पहिल्या पडद्यापर्यंतच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंतच्या) जागेत, ताण येतो. तर आखूड मानेचा बेस घेतला तर हसणार नाही ना?

चार रात्री नेटवर वाचत बसले. जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. रंग मात्र ठरलाय, निळा.

– गिटारवाली

---

ताई, चार तारा! यात विचारण्यासारखं काय आहे?

१९५१ साली फेंडरने प्रिसिजन बेस आणला तो चार तारांचा, १९६० चा जॅझ बेसही चार तारांचा, आणि आजही दुकानात भिंतीवर जे लटकलेलं दिसतं ते बहुतेक या दोघांचीच पिल्लं असतात. प्रिसिजनचा आवाज गोल, भरीव, गाण्यात आपोआप जागा धरणारा. जॅझची मान नटपाशी (खुंट्यांकडे तारा टेकतात तिथे) साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे आखूड बोटांना सोयीची. त्याला दोन पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) असतात, एकच पूर्ण उघडलंत तर बारीक गुणगुण ऐकू येते, दोन्ही सारखे उघडलेत की ती जाते. मी तुमच्या जागी असतो तर जॅझच्या घाटाचा घेतला असता.

आणि आखूड, म्हणजे ३० इंची स्केलचा (वाजणाऱ्या तारेची लांबी ३० इंच असलेला) बेस घेतलात तर कोण हसणार आहे? हसणाऱ्याच्या गळ्यात बेस अडकवायचा.

– ड्रमच्या मागचा

---

सर्वांना नमस्कार. फ्रेटलेसचा, म्हणजे पडदे नसलेल्या बेसचा, विचार का होत नाही? आपल्या गाण्यांत मींड आहे. पडदे असलेल्या वाद्यावर मींड कशी काढणार?

– तबल्याच्या बाजूचा

---

कृपया विषय बदलताना विषयाची ओळही बदलावी. मला वाटलं सभागृहाच्या चाव्यांचं काहीतरी आहे.

---

अगं, रंग ठरला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं मी सांगतो, जरा लांबेल.

आधी फ्रेटलेसचा निकाल लावू. ‘प्रिसिजन’ हे नाव पडलं तेच मुळी पडद्यांमुळे. उभ्या बेसवर (व्हायोलिनच्या घाटाच्या, बिनपडद्याच्या मोठ्या वाद्यावर) सूर अंदाजाने धरावा लागायचा, पडदे आले आणि बोट जवळपास पडलं तरी सूर नेमका लागायला लागला. गिटारवरून बेसकडे येणाऱ्या माणसाला पहिल्याच कार्यक्रमात तो आधार काढून घ्यायचा, हा सल्ला तबलजीच देऊ शकतो. मींड पुढच्या वर्षी.

आता तारा. सगळेजण कंपनी, लाकूड, पिकअप यांच्यावर बोलतात. आपले गायक कुठल्या पट्टीत गातात, म्हणजे पेटीची कुठली पट्टी सा धरतात, हे कुणी विचारत नाही. वाद्य निवडायचं ते त्यावरून.

बेसच्या चार मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारा पेटीवर बघ: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, म्हणजेच ई, ए, डी, जी. गिटारवर रचलेल्या गाण्यांना या तारा मानवतात, कारण ती गाणी बहुधा ई, ए, डी, जी मध्येच बांधलेली असतात. आपले दोन्ही पुरुष गायक काळी एक आणि काळी दोनमध्ये गातात. आता काळी एकमध्ये खाली उतरून बघ. पंचम जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर, मध्यम दुसऱ्यावर, गंधार पहिल्यावर. आणि मग? रिषभ नाही, षड्ज नाही, तार संपली. काळी दोनमध्ये तर आणखी जिवाला लागतं. तिथे रिषभही मिळतो, पहिल्या पडद्यावर, आणि सा हुकतो तो फक्त एका घराने. मोकळी तार पांढरी तीन, हवी काळी दोन.

मी इतकी वर्षं अशा वेळी उडी मारून वरचा सा वाजवत आलो. श्रोत्यांना कळत नाही असं म्हणतात. कळतं. काय चुकलं ते सांगता येत नाही इतकंच. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं होतं. गायक समेवर येऊन टेकतो आणि खालचा माणूस वर पळालेला असतो.

पाचव्या तारेने हे सुटतं. ती पांढरी सातला लागते. काळी एक तिच्या दुसऱ्या पडद्यावर, काळी दोन चौथ्यावर. बायकांचं गाणं काळी चार-पाचचं, त्यांना चार तारा पुरतात. पण पुरुषांना आपण कार्यक्रमातून काढलेलं नाही, अजून तरी.

चार तारांच्या बेसला खुंटीपाशी एक कळ बसवून जाड तार पांढरी दोनपर्यंत उतरवता येते. मी ती दोन वर्षं वापरली. काळी दोनचं काम भागतं, काळी एकचं नाही, आणि गाण्याच्या मध्ये कळ वर होती की खाली हे विसरलं की सगळ्या स्टेजसमोर शोभा होते.

– बेसवाला काका (निवृत्त, पण रिकामा नाही)

---

काका, पट्टीचं पटलं. पण पाच तारा म्हटलं की मान आणखी रुंद, आणि आखूड स्केल तर बाजूलाच राहिलं! माझ्या बोटांचं काय?

– गिटारवाली

---

ताई, आखूड स्केलचं मी सांगतो, कारण त्याचा संबंध स्पीकरशीही आहे.

पांढरी सातची ती तार ३१ हर्ट्झच्या आसपास कंप पावते. इतक्या खालच्या सुराला तार ताणलेली हवी, आणि ताण राखायचा तर लांबी हवी. ३० इंचांवर ही तार लोंबते, सूर लागल्यावर क्षणभर डगमगतो. म्हणून पाच तारा घ्यायच्या तर ३४ इंच. पस्तिशीही मिळते, पण तुम्ही त्या फंदात पडू नका.

काळी एकचा खालचा सा जवळजवळ ३५ हर्ट्झ. आठ-दहा इंची स्पीकरचा छोटा अँप तो मूळ सूर धडपणे काढतच नाही. तो त्याचे वरचे स्वरांश काढतो, ६९, १०४, असे, आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो. तार सैल असेल तर ते स्वरांशही गढूळ येतात आणि मग कानालाही काही जुळवता येत नाही. दुकानात लोक ‘पाचवी तार चिखलासारखी वाजते’ म्हणून बेस परत ठेवतात. त्यातले निम्मे दोष वाद्याचे नसतात, समोरच्या डब्याचे असतात.

त्यामुळे तुमच्या १५ वॉटवर घरी हळू आवाजात बोटं बसवा, हरकत नाही. आवाज वाढवू नका, गिटारच्या स्पीकरचा पडदा बेसच्या हेलकाव्यासाठी केलेला नसतो, फाटतो. खालचे सूर कानाला मुळातच कमी ऐकू येतात, म्हणून गिटारला १५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप ड्रमबरोबर पुरतो तिथे बेसला दोनशे-तीनशे वॉट लागतात. आणि वॉटचा हिशेब फसवा असतो. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे, फक्त ३ डेसिबलचा फरक. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

पण तुम्ही एवढा मोठा अँप घेऊच नका. आपल्या सभागृहात मिक्सर आहे, खाली सबवूफर आहेत. एक डीआय बॉक्स (बेस थेट मिक्सरला जोडून देणारी छोटी डबी) घ्या. बेसची केबल त्यात, त्यातून एक्सएलआर (माइकची असते तशी केबल) माझ्याकडे. बाकीचं माझं काम. अर्थिंगच्या तारेची घरघर आली तर त्यावर एक छोटं बटण असतं, ते दाबून बघायचं. स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यापुरता छोटा कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच डब्यात) कुणाचाही मागून आणू.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण दोन्ही आपल्याकडे घडल्यात. स्पीकरची केबल आणि वाद्याची केबल दिसायला सारखी असते; स्पीकरच्या केबलला आत जाळीचं आवरण नसतं, ती बेसला लावली की हॉलभर गुणगुण. आणि पाच तारांचे पुष्कळ बेस अ‍ॅक्टिव्ह असतात, आत ९ व्होल्टची बॅटरी. केबल खोचून ठेवली की वाजवत नसलात तरी ती जळत राहते. मध्यंतरात केबल काढायची. कोण विसरलं होतं ते मी लिहीत नाही, पण त्यांचा खांदा दुखतो.

– मिक्सरवरचा दादा

---

बॅटरी कंपनीनेच जुनी घातली होती.

बोटांचं ऐक. काल फूटपट्टी घेऊन बसलो. ३४ इंची बेसचं पहिलं घर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर, ३० इंचीचं ४३. तुझ्या गिटारचं, साडेपंचवीस इंची धरलं तर, ३६. तू घाबरतेस ती या ४८ ला. पण त्याच बेसचं सहावं घर किती? ३६. तुझ्या गिटारच्या पहिल्या घराएवढंच!

चार तारांच्या बेसवर पांढरी चार खाली वाजवायची तर पहिल्या घराशिवाय गत्यंतर नाही. पाच तारांवर तोच सूर पाचव्या तारेच्या सहाव्या घरात मिळतो. म्हणजे हात पाचव्या-सहाव्या घरापाशी ठेवून बराचसा कार्यक्रम निघतो, आणि तिथून काळी एकचा सा तेवढा मागे सरकून घ्यायचा. लोक पाच तारा म्हणजे मोठ्या हाताचं काम समजतात, ते उलटं आहे. मान मात्र रुंद असते, नटपाशी ४५ ते ४७ मिलिमीटर, तेव्हा अंगठा वरून डोकावू द्यायचा नाही, मागे मधोमध. आणि खालच्या घरांत चार बोटं पसरू नकोस. पहिलं, मधलं, करंगळी. अनामिका करंगळीला टेकू देते. उभ्या बेसवाले असंच करतात.

घेताना आधी अँपला न लावता वाजव. प्रत्येक तारेवर प्रत्येक घर, कुठे खरखरतंय का. मान डोळ्याशी धरून बंदुकीसारखी बघ, पीळ दिसला तर सरळ परत ठेव, तो ट्रस रॉडने (मानेतल्या सळीने) जात नाही. बाक असेल तर जातो. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं स्पर्शून निघणारा सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळतात का ते ट्यूनरवर बघ, विशेषतः पाचव्या तारेचा. काळ्या पट्टीत मोकळ्या तारेवर सा कधीच नसतो, बहुतेक सगळं बोटाने दाबूनच वाजतं, म्हणून तारा उंच असलेला बेस तासाभरात हात मोडतो. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर पुष्कळ. कारागिराकडून सेटअप (तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवणं) करून घे आणि त्याला सांग की मोकळ्या तारा फारशा वाजणार नाहीत.

वजनही उचलून बघ. चार किलोंच्या वर गेलं की दुसऱ्या तासाला माझी आठवण येईल. भावगीतांना सपाट गुंडाळीच्या तारा लाव, बोट सरकल्याचा आवाज येत नाही. पेडल एकही घेऊ नकोस. ट्यूनर घे.

– बेसवाला काका

---

मंडळी,

घेतला. पाच तारांचा, ३४ इंची, वापरलेला, वजन चार किलोंना थोडं कमी. दुकानात दोन तास बसले. पहिल्याची मान काकांच्या बंदुकीत नापास झाली, दुसऱ्याची पाचवी तार बाराव्या पडद्यावर सूर सोडत होती. हा तिसरा. डीआय बॉक्स आणि सहा मीटरची केबल घेतली, केबलवरची अक्षरं तीनदा वाचून. अँप घेतला नाही. बॅटरी नवीन आहे, दादा, लिहून ठेवा.

काल रात्री काळी एकमध्ये पंचमापासून खाली उतरले. प, म, ग, रे, सा. शेवटच्या सुराला खिडकीची काच थरथरली आणि मुलगा विचारायला आला की बाहेर ट्रक उभा आहे का.

निळा मात्र फक्त चार तारांत होता. हा तपकिरी आहे. काका, शनिवारी तालमीला तुमचा तो रुंद चामड्याचा पट्टा आणाल का?

– बेसवाली