विषय: नववीत बॅन्ड घ्यावा का? (रँक, फुटबॉल आणि आपला गणपती)

प्रेषक: फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी,

आमची लेक इथे टेक्ससमध्ये आठवीत आहे, क्लॅरिनेट वाजवते. नववीचे विषय निवडायचा फॉर्म या महिनाअखेर भरायचा आहे आणि तिला मार्चिंग बॅन्ड (मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवणारा शाळेचा बॅन्ड) हवाच आहे. ओळखीतले दोन-तीन जण ठासून सांगतात की बॅन्ड घेतला की रँक (गुणांच्या सरासरीवरून वर्गातला नंबर) गेली, आणि रँक गेली की यूटी ऑस्टिन (टेक्सस विद्यापीठ) गेलं. रोज जेवणाच्या टेबलावर यावरून जुंपते. त्यात पुण्याहून आलेल्या आजींचा वेगळाच सूर: "एवढं शिकून वरातीत वाजवणार का पोर?"

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी खरं काय ते लिहा. फुटबॉलचा (अमेरिकन, आपला पायाने खेळायचा नव्हे) यात काय संबंध तेही सांगा. आम्हाला अजून 'डाउन' म्हणजे काय हेच उमगलेलं नाही.

---

प्रेषक: प्लेनोकर

स्पष्टच लिहितो. घेऊ नका.

एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयाला ६ पैकी गुण, साध्या विषयाला ५ पैकी. मुलीने सात एपी घेतले आणि सगळ्यांत पूर्ण गुण मिळवले तर सरासरी ६. आता त्यात आठवा विषय बॅन्ड घाला, त्यातही पैकीच्या पैकी मिळवा: ४७ भागिले ८, म्हणजे ५.८७५. शंभर टक्के मिळवूनही सरासरी घसरली! रँकच्या मागे लागलेली मुलं म्हणूनच आठवा तास मोकळा ठेवतात आणि घरी जाऊन झोपतात. ही व्यवस्था मला आवडते असं नाही, पण आहे ती अशी आहे.

---

प्रेषक: ॲलनकर काकू

प्लेनोकर दादा, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तो प्रत्येक शाळेला लागू होत नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्टचे (गावातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचे) नियम वेगळे. काही ठिकाणी बॅन्ड, चित्रकला, खेळ हे विषय रँकच्या सरासरीत धरतच नाहीत, काही ठिकाणी ठरावीक क्रेडिटपर्यंत धरतात. तेव्हा फ्रिस्कोकर, शेजाऱ्यांना विचारत बसू नका. शाळेच्या समुपदेशकाला मेल टाका आणि एकच प्रश्न विचारा: "बॅन्ड जीपीएत (रँकच्या सरासरीत) धरला जातो का, आणि किती वर्षांचा?" उत्तर लेखी घ्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

आता यूटीचं. १९९७ साली टेक्ससमध्ये कायदा झाला की शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलाला राज्याच्या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. यूटी ऑस्टिनवर एवढी झुंबड उडाली की २००९ मध्ये त्यांच्यापुरता कायदा बदलावा लागला, आणि २०२६ च्या प्रवेशापासून तिथली रेघ पाच टक्क्यांवर आली आहे. टेक्सस ए अँड एम या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला अजून दहाच. तुमच्या लेकीचा वर्ग समजा ५०० चा असेल, तर पाच टक्के म्हणजे २५ जणं. त्या पंचविसात यायची तिची शक्यता किती, हे तुम्हाला तिच्या सातवी-आठवीच्या गुणांवरून बऱ्यापैकी कळेलच. ती विसाव्या-तिसाव्या नंबराच्या आसपास घुटमळणारी असेल तर पॉइंटचा हिशोब करा. शंभराव्या नंबरावर असेल तर बॅन्ड सोडूनही ती पंचविसात येणार नाही, फक्त बॅन्ड जाईल.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. आपोआप प्रवेश विद्यापीठात मिळतो, कॉम्प्युटर सायन्समध्ये नव्हे. हव्या त्या शाखेसाठी निबंध, बाहेरचे उपक्रम, सगळं पुन्हा वाचलं जातं. आपण मात्र रँकसाठी जीव टाकतो.

फुटबॉलबद्दल: शाळेच्या मॅचच्या मध्यंतरात मैदानावर वाजवतो तो हाच मार्चिंग बॅन्ड, हा संबंध. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, त्यातला एकेक प्रयत्न म्हणजे डाउन. एवढं पुरे, बाकी शुक्रवारी रात्री आपोआप कळतं. आमच्या गावात हायस्कूल एकच, मुलं सहा हजारांवर. २०१२ मध्ये १८,००० खुर्च्यांचं स्टेडियम उघडलं, खर्च जवळजवळ ६ कोटी डॉलर. दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून २०१४ चा सबंध मोसम ते बंद होतं, आणि पोरांनी त्याच वर्षी सलग तिसरं राज्य अजिंक्यपद आणलं. तेव्हाचा क्वार्टरबॅक कायलर मरे पुढे २०१९ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिला उचलला गेला. हा सगळा पैसा वर्गात का नाही गेला असं मलाही वाटतं. पण तो डिस्ट्रिक्टच्या कर्जरोख्यांचा पैसा बांधकामाचाच असतो, त्यातून शिक्षकांचे पगार देता येत नाहीत.

तुमच्याकडे फ्रिस्कोत उलटं. बारा हायस्कुलं, प्रत्येकात साधारण दोन हजार मुलं. हेतू हाच की जास्त मुलांना संघात, बॅन्डमध्ये, नाटकात जागा मिळावी. क्लॅरिनेटवालीला यात फायदाच आहे.

---

प्रेषक: कॉपेलकर

काकूंच्या मेलला जोड देतो. माझा मुलगा मेलोफोन (एक पितळी वाद्य) वाजवत चार वर्षं मार्चिंगला होता.

पहिलं, क्रेडिट. टेक्ससमध्ये पदवीसाठी एक फाइन आर्ट्सचं आणि एक पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) क्रेडिट लागतं. बॅन्डने पहिलं भागतं, आणि वर्षाच्या पहिल्या सत्रातलं मार्चिंग बहुतेक ठिकाणी पीईच्या जागी धरतात. म्हणजे प्लेनोकर, तुमच्या गणितात पीईचा साधा विषय बाहेर काढा आणि मग पुन्हा भागाकार करा. फरक बराच कमी होतो.

दुसरं, वेळ. यूआयएलचा (टेक्ससमधल्या शालेय स्पर्धांच्या संस्थेचा) नियम आहे: शाळा सुरू झाल्यावर शाळेच्या आठवड्यात वर्गाबाहेरचा सराव आठ तासांहून जास्त नाही. शाळा उघडण्याआधीचा ऑगस्टचा सराव, समर बॅन्ड, मात्र अंगावर येतो. पार्किंगच्या डांबरावर फुटबॉल मैदानाच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात, सकाळी साडेसातलाच पायाला चटके, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक गॅलनचा पाण्याचा जग. पाच यार्डात आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं, ना कमी ना जास्त. प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा 'डॉट' असतो: अमुक रेषेच्या दोन पावलं आत, कडेपासून सहा पावलं मागे. गाण्याच्या या मात्रेला या डॉटवर, पुढच्या सोळा मात्रांनी त्या डॉटवर. सगळं पाठ.

तिसरं, आणि आजींना हे मुद्दाम सांगा. १९८४ पासून इथे 'नो पास, नो प्ले' आहे. कुठल्याही विषयात सत्तरच्या खाली गेलात की किमान तीन आठवडे मैदानावर उतरायचं नाही. तो नियम फुटबॉलच्या हिरोला आहे तसाच तिसऱ्या क्लॅरिनेटलाही. (एपीसारख्या वरच्या विषयांना सूट देता येते.) नापास मुलगा सराव करू शकतो, प्रयोगात मात्र उभा राहत नाही, आणि संचात त्याच्या डॉटवर भोक पडतं. बाकीची मुलं त्याला केमिस्ट्री शिकवायला घरी येतात! आमच्याकडे हे झालं आहे. नापास कोण झालं होतं ते विचारू नका.

वरातीचं म्हणाल तर, २०१९ मध्ये ऑस्टिनजवळच्या व्हँडेग्रिफ्ट हायस्कूलने इंडियानापोलिसला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सरकारी शाळेची मुलं आहेत ही. आजींना यूट्यूबवर दाखवा.

---

प्रेषक: प्लेनोकर

पीईचा मुद्दा मान्य. आठ तासांचा नाही. त्या आठ तासांत शुक्रवारची मॅच आणि शनिवारची स्पर्धा धरलेली नसते. सातला निघालेलं पोर रात्री साडेअकराला घरी येतं आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतं. एपी फिजिक्सचा गृहपाठ मग बापाच्या डोक्यावर.

आणि पैसे? बूस्टर क्लबची (बॅन्डसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या मंडळाची) फी, बूट, हातमोजे, सहल. ट्यूबासारखी अवजड वाद्यं शाळा देते, क्लॅरिनेट आपलं आपण घ्यायचं.

---

प्रेषक: ॲलनकर काकू

फी खरी आहे. पण ती परवडत नसेल तर बॅन्डच्या संचालकांशी बोला, बहुतेक क्लब हप्ते करून देतात. आपली माणसं लाजतात आणि मुलाला 'अभ्यास आहे' म्हणून घरी बसवतात. आणि गृहपाठ बापाने का करायचा? त्यापेक्षा मॅचच्या वेळी कन्सेशन स्टँडवर (खाण्याच्या टपरीवर) नाचो विकायला उभे राहा. तिथे दोन तासांत इतर पालकांकडून जेवढं कळतं तेवढं या यादीवर वर्षभरात कळत नाही.

---

प्रेषक: फ्रिस्कोकर

सर्वांचे आभार. समुपदेशकाला आजच मेल टाकली. उत्तर आलं की इथे लिहितो. आजींनी व्हँडेग्रिफ्टचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मधल्या झेंडेवाल्या मुलींचे कपडे फार तोकडे आहेत एवढंच मत दिलं. म्हणजे बॅन्डला हरकत नाही असं धरतो.

---

प्रेषक: मंडळ कार्यकारिणी

मंडळी, याच धाग्यावर एक विनंती. दरवर्षी गणपतीच्या शनिवारी ढोल-ताशा पथकातली निम्मी मुलं बॅन्डच्या बसमध्ये असतात, आणि मिरवणुकीत ताशाला माणूस नसतो. यंदा सभागृह ठरवण्याआधी ज्यांची मुलं मार्चिंगला आहेत त्यांनी शाळेचं सप्टेंबर-ऑक्टोबरचं वेळापत्रक मिळेल तसं पाठवावं. बहुतेक संचालक ते उन्हाळ्याआधी देतात. शनिवार जमतच नसेल तर मिरवणूक रविवारी सकाळी ठेवू. प्लेनोकर, तुमचा मुलगा दुपारपर्यंत झोपतो हे वाचलं. त्याला ताशा हवा असेल तर दहाला उठवा.