मदत हवी आहे: ऑप्टोजेनेटिक्सच्या चाचण्यांबद्दल कुणाला माहिती आहे का?

माझ्या मोठ्या भावाला रेटिनायटिस पिग्मेंटोझा आहे, म्हणजे दृष्टिपटलातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार. आता फक्त उजेड-अंधार कळतो. लक्स्टर्ना या जनुकोपचाराचं विचारून झालं; ते आरपीई65 जनुकातल्या दोषासाठीच, आणि दृष्टिपटलात जिवंत पेशीही शिल्लक लागतात. दादाचा दोष दुसऱ्याच जनुकात आहे.

ऑप्टोजेनेटिक्समध्ये कोणतं जनुक बिघडलंय याने फरक पडत नाही म्हणे. शेवाळातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक निरुपद्रवी विषाणूतून डोळ्यात सोडतात. मग एरवी मेंदूकडे नुसता निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशीच उजेड टिपू लागतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 58 वर्षांच्या अंध रुग्णाला टेबलावरची वही सापडली, पण खास गॉगल घातल्यावरच! त्यातला कॅमेरा समोरचं दृश्य केशरी प्रकाशात दृष्टिपटलावर टाकतो. ‘दृष्टी परत आली’ ही बातम्यांची भाषा मला तरी पटत नाही, पण वही सापडणं हेही दादासाठी खूप आहे.

चाचणीत घेण्यासाठी ओसीटीमध्ये (दृष्टिपटलाच्या थरांच्या स्कॅनमध्ये) गँग्लियन पेशींचा थर किती शाबूत लागतो? गॉगलशिवायच्या, बायपोलर पेशींवरच्या (गँग्लियन पेशींना निरोप देणाऱ्या, त्यांच्या आधीच्या थरातल्या) उपचाराचा कुणाला अनुभव आहे का? आणि एकदा हे इंजेक्शन घेतलं की पुढे दुसरा जनुकोपचार घेता येतो का? नेत्रतज्ज्ञ किंवा चाचणीत असलेलं कुणी असेल तर कृपया लिहा.